रेचे ओढ्यातले दहा दगड

गेली तीस वर्षं सावेता दर शनिवारी रेचे नावाच्या ओढ्यात उतरून दहा दगड उलटे करून बघायची. तिच्या ट्राउट माशांच्या तळ्याला पाणी याच ओढ्याचं. दगडाला बिलगलेली दगडमाशी नावाच्या किड्याची दोन शेपट्यांची पिल्लं वळवळली की पाणी निरोगी. ती गेली की आज ना उद्या मासेही गेले म्हणून समजायचं.

दोन वर्षांमागे झाडं तोडून उजवा डोंगर बोडका केला. लाकूड न्यायला वेगळा रस्ता कोण करतो? स्प्रूसचे ओंडके साखळीला बांधून ट्रॅक्टर सरळ ओढ्यातून हाकले. सावली गेली, पाणी कोमट झालं, दगडांच्या फटी गाळानं बुजल्या. खालचा एकूणएक किडा मेला. वरच्या डाव्या फाट्यावर जंगल उभं होतं, त्याच्या गार पाण्यावर तळं कसंबसं तगून होतं.

आणि आता ओढ्याची तपासणी आली. किडे दिसले नाहीत तर तोड बंद. ट्रॅक्टर चालवायचा सावेताचाच मुलगा, तोआदेर. तोडीचा मुकादम होता तिचा दीर, गाव्रिल.

"वहिनी, वरच्या फाट्यातून बादलीभर किडे आणा आणि खालच्या दहा दगडांखाली सोडा. एका दिवसाचे पाहुणे!"

"मरतील ते, भावजी."

"मग सुतक धरा! पोराला इटलीत म्हाताऱ्यांची ढुंगणं धुवायला पाठवायचंय का?"

तोआदेर ताटातली मामालिगा, मक्याच्या पिठाचा घट्ट लगदा, चिवडत होता. "आई, एकदाच."

जगातली सगळी हरामखोरी एकदाच म्हणूनच सुरू होते. उजाडता उजाडता सावेतानं बादली भरली.

दुपारी तपासणीच्या बाई आल्या. सावेतानं दाखवलेला एकेक दगड त्यांनी उचलला आणि हरखल्या. "एवढी तोड होऊनही पाणी जिवंत! मग वरच्या फाट्याच्या तोडीलाही माझी हरकत नाही."

सावेता पुढं आली. "वरचा फाटा?"

"त्या तोडीचा अर्ज कधीच गेलाय, वहिनी," गाव्रिल कानाशी कुजबुजला. "आधी सांगितलं असतं तर बादली उचलली असती का तुम्ही?"

"बाई, ते किडे..." सावेता बोलली.

बाईंनी वर पाहिलं. तोआदेरनंही पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"...फार नाजूक असतात," सावेता म्हणाली.

बाईंनी सही केली.

शनिवारी तिनं दहा दगड उलटे केले. पिल्लं होती, पण मेलेली. गाळानं माखलेली, बोट लावलं की विरघळणारी. दहावा दगड हातात असतानाच वरच्या फाट्याकडून पाणी गढूळ होत आलं. मागोमाग ओढ्यातून ट्रॅक्टर आला, मागे साखळीला ओंडके.

"आई, बाजूला हो," तोआदेर ओरडला. तिच्याकडे बघितलं मात्र नाही.

सावेतानं दगड होता तसा, होता तिथं ठेवला. आणि बाजूला झाली.