पाठीवरचा भार

लवू परब गेला त्याला वर्ष होत आलं, तेव्हा नंदकिशोरने तोच ट्रक पुन्हा ट्रेलरला जोडला.

ट्रक दोघांच्या भागीतला. चौऱ्याऐंशी साली मुलुंडच्या कारखान्यांतून लांब मालाची कामं मिळू लागली. ट्रेलर ओढायचा मोठा ट्रक, म्हणजे घोडा, घेणं काही जमेना, म्हणून आपल्याच ट्रकची बॉडी उतरवून त्यांनी मागे जोडाचं फिरतं टर्नटेबल बसवलं आणि एका जुन्या ट्रेलरचं तोंड त्यावर टेकवलं. इंजिन ओढायचं, त्याची तक्रार नव्हती. पण असा ट्रेलर आपला पुढचा भार ट्रकच्या पाठीवर टाकतो, आणि ती पाठ तेवढी नव्हती. मागच्या स्प्रिंगचे पाटे सपाट व्हायचे, पुढची चाकं हलकी पडायची. दोघांनाही ते कळत होतं. "हळू चालवू," एवढंच म्हणायचे. मग पवईच्या उतारावर एक दिवस पुढची चाकं वळलीच नाहीत. लवू केबिनमध्येच चेपला गेला.

आता केबिन दुरुस्त झाली होती, पाटे नवे होते. ट्रेलर रिकामा होता, साकीनाक्याच्या एका गिऱ्हाइकाला विकायला न्यायचा होता. तरी तो टर्नटेबलात अडकला आणि ट्रक मागून बसला. पुरा भरल्यासारखा. नंदकिशोरने सोडून पुन्हा जोडला. पुन्हा तेच.

तो भांडुपला लवूच्या बायकोकडे गेला. वनमाला तशीच उठून आली.

"रिकामाच आहे ना, भावजी?"

"वर चढून बघा वहिनी. काडीसुद्धा नाही."

तिने वाकून ते दबलेले पाटे पाहिले. मग केबिनमध्ये चढून बसली.

"वहिनी, तुम्ही कशाला?"

"अर्धा ट्रक माझा आहे ना? चला."

भर दुपार होती. कांजूरमार्गाहून पवईकडे वळेपर्यंत नंदकिशोरच्या हाताला घाम सुटला होता. स्टिअरिंग फिरवलं तरी ट्रक उशिरा वळत होता. तलाव दिसायला लागला, उतार सुरू झाला, आणि त्यांच्या मागून, केबिनच्या बंद पत्र्यापलीकडून, कुणीतरी धापा टाकत बोललं.

"नंदू, थांबय रे. पाठीक सोसना नाय."

नंदकिशोरने ब्रेक दाबला. ट्रक फरफटत कडेला लागला. त्याने वनमालाकडे पाहिलं. तिने पदर तोंडात कोंबला होता. तिनेही ऐकलं होतं.

तो उतरला. ट्रेलरचे पाय खाली सोडले, टर्नटेबलात अडकलेला खिळा मोकळा केला, ट्रक पुढे घेतला. आता मागे काहीच नव्हतं. पण पाटे वर आले नाहीत. मोकळा ट्रक तसाच दबून उभा राहिला.

"चला इथून," नंदकिशोर म्हणाला. "वहिनी, ट्रक राहू दे. आपण जाऊ."

वनमाला उतरून मागे गेली. उन्हाने तापलेल्या पाट्यावर तिने तळहात ठेवला, तो पोळला तरी काढला नाही.

"अहो," ती हळूच म्हणाली, "किती दिवस धरून ठेवलात? सोडा आता. उतरा."

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग लोखंड करकरलं आणि ट्रकची पाठ सावकाश वर आली.

गिऱ्हाइकाने दुसऱ्या दिवशी मोठा घोडा आणून ट्रेलर नेला. नंदकिशोरने टर्नटेबल भंगारात घातलं आणि ट्रकवर पुन्हा बॉडी चढवली. पेलेल तेवढाच माल घ्यायचा, असं ठरलं. ट्रक नीट चालायला लागला. केबिनमध्ये कधी काही ऐकू आलं नाही.

वनमाला मात्र अधूनमधून यायची. पवईकडे खेप असली की न विचारता शेजारी बसायची. उतारावर डोळे मिटून, डोकं मागच्या पत्र्याला टेकवून कान द्यायची. एकदा खाली पोचल्यावर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली,

"भावजी, मी त्यांना उतरा म्हणायला नको होतं."

नंदकिशोरने गाडी हळू केली.