रुक्सांद्राच्या नावाच्या बादल्या

आमच्या गावात नळ आहेत. प्रत्येक फाटकाशी एक, निळा रंग दिलेला. उद्घाटनाला पाद्रीबाबांनी त्यांच्यावर तीर्थ शिंपडलं, तेवढंच पाणी त्या नळांनी पाहिलं. बाकीची पाइपलाइन सरपंच तेओदोर चिर्लानच्या तळ्याकाठच्या बंगल्यात जिरली, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. विहिरीचं पाणी तान्ह्या मुलांना देऊ नका, अशी पाटी सरकारनंच लावलीय. म्हणून मी बस घेऊन शहरात गेलो की लेकीच्या दुधासाठी पाण्याच्या बाटल्या आणतो. त्या उतरवता उतरवता माझी बायको स्मारांदा एके दिवशी म्हणाली, "वालेर, या वेळी सरपंचपदाला मी उभी राहते." गावात गणित शिकवते ती. बोलली की बोलली.

मागच्या खेपेला गुरांचे डॉक्टर उभे होते. भला माणूस. त्यांना बादल्यांनी पाडलं. प्लॅस्टिकची बादली, आत तेल, पीठ, साखर, आणि बादलीवर चिर्लानचं हसरं थोबाड. शहरातले लोक दात काढतात, म्हणतात, खेड्यातले एका बादलीला विकले जातात. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. आमची माणसं विकली जात नाहीत हो, ती खाल्ल्या मिठाला जागतात. हातात काही घेतलं की नंतर तोंड फिरवणं त्यांना जमत नाही. चिर्लाननं नेमकी हीच नस पकडली होती.

या वेळी असल्या वाटपावर कायद्याचा डोळा होता. तर गड्यानं काय करावं? मतदान रविवारी, आणि शनिवारी आपल्या आईचं, रुक्सांद्राचं, श्राद्ध काढलं! चर्चच्या आवारात लांबच लांब टेबलं, गव्हाचा गोड प्रसाद, आणि बादल्यांच्या राशी. प्रत्येक बादलीला टॉवेल गुंडाळलेला, वर एक मेणबत्ती. आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या नावानं देतात ते असंच.

मी फोन काढून शूटिंग करतच आत घुसलो. फाटकात हवालदार उभा होता. त्याला म्हटलं, "डोळे फुटलेत का? धर त्याला!"

"वालेरदादा, मेणबत्त्या दिसतात ना तुम्हाला? आईच्या नावानं दान करतोय माणूस. यात मी पंचनामा कसला करू, प्रसादाचा?"

आणि रांगेत कोण उभं? माझी सख्खी मावशी, प्रोफिरा. काळा रुमाल बांधून.

"मावशी, तूसुद्धा? उद्या स्मारांदाला कुठल्या तोंडानं मत देशील?"

"रुक्सांद्रा माझी जिवाची मैत्रीण होती," मावशी म्हणाली. "ती गेली तेव्हा तिला तिकडे तहान लागू नये म्हणून तिच्या नावानं शेजारच्या घरी रोज सकाळी पाणी कोणी भरलं? मी. विहिरीवरून, या पाठीवर. तो फोन खिशात घाल. चर्चात उभा आहेस."

मी घातला. पण आतून जळत होतो. रांगेतली माणसं माझ्याकडे बघतही नव्हती. त्यांना बादली घेण्याची लाज वाटत नव्हती, उद्या स्मारांदाकडे पाठ फिरवावी लागणार याची वाटत होती. स्मारांदा पडणार हे मला तिथेच कळून चुकलं.

मावशीचा नंबर आला. चिर्लानचा उजवा हात फ्लोरेल बादल्या देत होता. मावशीनं बादली घेतली आणि म्हणाली, "बोग्दाप्रोस्ते." मेलेल्याच्या नावानं काही मिळालं की आम्ही आभार मानत नाही, एवढंच म्हणतो. देव गेलेल्याला क्षमा करो.

फ्लोरेल तिच्या कानाशी वाकला. "मावशी, उद्या शिक्का कुठे मारायचा, आहे ना ध्यानात?"

मावशीनं बादली धाडकन खाली ठेवली.

"दोरु! इकडे ये!"

सरपंचाला दोरु म्हणणारं गावात आता दुसरं कोणी उरलेलं नाही. तो आला, हात चोळत.

"हे कोणाच्या नावाचं?"

"आईच्या, मावशी. आणखी कोणाच्या?"

"मग हा मेला मोबदला कसला मागतोय? दान देऊन वर काही मागितलं, तर ते तिकडे पोचत नाही. तुझी आई तिथे हात पसरून उभी असेल आणि तू इथे सौदा करतोयस?"

पाद्रीबाबा प्रसादाकडे बघायला लागले.

"मत मागायचं असेल तर त्या मेणबत्त्या विझव," मावशी म्हणाली. "आणि आईसाठी असेल, तर सगळ्यांसमोर सांग. मला कोणाकडून काही नको म्हणून सांग."

चिर्लाननं हवालदाराकडे पाहिलं, मग मेणबत्त्यांकडे. चोर असला तरी आईवेडा होता तो, हे मला कबूल करायलाच हवं. ती आजारी असताना रात्र रात्र उशाशी बसायचा.

"आईच्या नावानं आहे," तो म्हणाला. "मला कोणाकडून काही नको."

"बोग्दाप्रोस्ते," मावशीनं बादली उचलली. तिच्या मागचा म्हणाला, "बोग्दाप्रोस्ते." मग त्याच्या मागचा. म्हणता म्हणता सगळी रांग मोकळ्या मनानं ते म्हणत, माझ्याकडे सरळ बघत घरी गेली. देव रुक्सांद्राला क्षमा करो, आणि खाल्ल्या मिठाचं ऋण तिथेच फिटलं. मी शूटिंग करायचं विसरलो.

रविवारी स्मारांदा निवडून आली. थोडक्यात आली, पण आली. ती रडली, मीही रडलो, लेक तर आधीपासूनच रडत होती.

सोमवारी मी मावशीकडे बसलो होतो, तर फाटकाशी चिर्लान. मला वाटलं, भांडायला आला, म्हणून बाह्या सरसावून उठलो. पण त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. टोपी काढून हातात धरली होती.

"प्रोफिरामावशी, आईला पोचलं असेल का गं?"

मावशी अंगणातून त्याच्यापाशी गेली. लहानपणी केला असेल तसा त्याचा गाल कुरवाळला.

"पोचलं रे, दोरु. तेल पोचलं, पीठ पोचलं, साखर पोचली. पाणी तेवढं राहिलं बघ."

तो मावशीच्या फाटकाशी असलेल्या कोरड्या निळ्या नळाकडे बघत उभा राहिला.