आई, तुम्ही फक्त बसा

मी प्लास्टिकची खुर्ची बोलतेय. हातवाली, मरून रंगाची. तुमच्याशी गोड बोलायचं मला काही कारण नाही. मला विकत घेणारी माणसं गोड बोलूनच एका बाईला संपवायला निघाली होती.

माझा जन्म साच्यातला. आई नाही, बाप नाही, पाठीवर एक लेबल. महाडच्या बाजारात आम्ही अकराजणी एकीवर एक रचलेल्या होतो. मानसीने मला ओढून काढलं. कडेवर सात महिन्यांचं पोर, चेहऱ्यावर कायमची धास्ती. "सासूबाईंसाठी हवीय. मोडणार नाही ना?" दुकानदाराला तिने तीनदा विचारलं. सासूला एकदा विचारलं असतं तर!

कशेडी घाटाच्या पायथ्याशी घर. तिथल्या पडवीत मला मांडलं. सासू गीताबाई, वय अडुसष्ट. तोवर ती म्हशीचं शेण काढायची, संध्याकाळी वाडीतल्या बायकांत बसून भिजवलेले वाल सोलायची आणि वालांबरोबर गावातल्या सुनांचीही सालं काढायची. एकदा परसात घसरली. हाड शाबूत राहिलं, पण मानसीच्या जिवाचं पाणी झालं. म्हैस विकली. वाल बाजारातून सोललेलेच येऊ लागले. "आई, तुम्ही फक्त बसा."

बसली. नको म्हणायला मला तोंड कुठे होतं? सकाळी चहा, मग टीव्ही, पुन्हा चहा, मिश्री, दुपारभर डुलक्या. जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. केस विंचरणं सुटलं. शेजारची जानकीबाई कुंपणावरून ओरडायची, "गो गीते, राणी झालीस गो! उतर की खाली!" आधी गीताबाई उलट शिवी हासडायची. मग तीही थांबली. माणूस शिव्या द्यायचा थांबला की घरच्यांनी घाबरावं. मानसी म्हणाली, आई शांत झाल्या. मुलगा सुहास कंपनीतून येऊन म्हणाला, "वय झालं, असंच असतं." मला चार पाय आहेत, डोकं नाही. त्याला तर होतं!

एका दुपारी आरोग्य केंद्राची आशा सेविका, पूजा, म्हाताऱ्यांच्या तब्येतीचा फॉर्म भरायला आली. "मावशी, कशात मन लागतं का?"

"लागतं की, टीव्ही बघतात," मानसी म्हणाली.

"उदास वाटतं?"

"छे! आम्ही काही कमी पडू देत नाही."

पूजाने पेन खाली ठेवलं. "वहिनी, मावशींना तोंड हाय."

माझ्या हातावर गीताबाईची नखं रुतली. "सकाळी डोळा उघडला की वाटतं, कशाला उघडला. हात हायत, पाय हायत, आन् मला हितं मांडून ठेवलंय."

"आई, मी काळजीपोटीच..."

"काळजी! माज्या हातातलं सगळं काढून घेतलंस. जीव तेवढा ऱ्हायलाय, तो पण ने."



पूजा म्हणाली, "हे म्हातारपण नाय वहिनी, आजार हाय. औषध हाय त्याच्यावर. उद्याच डॉक्टरकडं न्या. आन् त्यांना कायतरी करू द्या."

त्याला दोन महिने झाले. गोळ्या चालू आहेत. गीताबाई कधी वाडीच्या टोकापर्यंत चालून येते, कधी भिंतीकडे तोंड करून पडून राहते. जादू वगैरे काही झाली नाही; जादू हवी असेल तर टीव्ही बघा.

मला परसात फेकलंय. कोंबड्या घाण करतात. परवा गीताबाई आली, माझ्यावर हात टेकून उभी राहिली. मागच्या दारात मानसी, कडेवर किरकिरणारं पोर. बसा म्हणावं की बसू नका म्हणावं, तिला कळेना.

"बघतेस काय? डोळे बघ कसे खोल गेलेत. पोर दे हिकडं, आन् तू बस!"

मानसीने भीत भीत पोर दिलं. पदराने मला पुसलं आणि बसली. इतक्या दिवसांत खरोखर दमलेलं माणूस माझ्यावर पहिल्यांदाच टेकलं. पाचच मिनिटं टेकली आणि उठली. खुर्ची तेवढ्यासाठीच असते. तुम्हा शिकलेल्यांना हे प्लास्टिकने सांगावं लागतं, लाज वाटू द्या.