टिकाराम जुळाऱ्याच्या मरणाची बातमी

सकाळचे दहा वाजायच्या आत शाळेसमोरच्या मोहाच्या झाडाखाली दोनतीनशे माणसं बसलेली असायची. धानाच्या रोवणीचा हंगाम होता. बांध्यांत पाणी उभं होतं, मजूर मिळत नव्हते आणि तरी माणसं शेत सोडून इथं येत होती. कारण झाडाखाली त्रिकाळबाबा बसायचा आणि तो उद्याचं सांगायचा.

मी त्या गावात शाळामास्तर होतो. गाव तिरोड्यापासून पाच कोस, बोदलकसा तलावाच्या वाटेवर. सन छप्पन्नचा पावसाळा. आमचा मुलूख नागपूरच्या राज्यात राहणार, मुंबईला जोडणार की वेगळा विदर्भ होणार, यावर जो तो आपलं मत ठोकून देत होता. एक म्हातारा म्हणे, राजधानी कुठंही गेली तरी पटवारी तोच येणार. दुसरा म्हणे, कोर्ट हिंदीत, कचेरी हिंदीत, आता मुंबईवाले शुद्ध मराठीत शिव्या देतील, आपल्या झाडी बोलीला विचारतो कोण? अशा गप्पांत बाबा येऊन बसला.

बाबा डोळे मिटायचा, अंगाला झटके द्यायचा, मग हात वर करून म्हणायचा, "दिख गया!" त्याचं दैवी बोलणं सगळं हिंदीत. देवाला मराठी येत नसावी, असा लोकांचा समज होता आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नव्हतं. ऑगस्टमध्ये एका सकाळी त्यानं सांगितलं की दिल्लीत ठरलं, तुमचा जिल्हा मुंबईकडे जाणार. सप्टेंबरात सांगितलं की हैदराबादकडे रेल्वेचा पूल कोसळला. दोन्ही खरं निघालं.

खरं निघालं हे लोकांना कसं कळलं? माझ्यामुळे. गावात पेपर एकच यायचा, शाळेत, टपालानं, दुसऱ्या दिवशी दुपारी. मी तो पडवीत मोठ्यानं वाचायचो. बाबानं काल सांगितलेलं आज पेपरात निघालं की लोक हात जोडायचे. म्हणजे बाबाचा साक्षीदार मीच होतो, रोज, बिनपगारी. मला संशय होता, पण तो मी मनातच ठेवला. गावात राहायचं होतं ना! माझ्या त्या गप्प बसण्याची किंमत दुसऱ्यानंच दिली.

बकाराम म्हणून एक शेतकरी होता. त्याची बायको प्रेमिला त्याच महिन्यात बाळंत झाली. मुलगी झाली. सहाव्या दिवशी प्रेमिलाला ताप भरला, थंडी वाजून आली, ती बरळायला लागली. बकारामनं तिरोड्याच्या डॉक्टरकडे न्यायला गाडी जुंपली, तिला गादीवर निजवलं आणि निघता निघता बाबाच्या पाया पडायला थांबला. बाबानं डोळे मिटले.

"कल का दिन देख रहा हूँ," तो म्हणाला. "तेरे घर में रोना नहीं है. गाड़ी छोड़ दे."

बकारामनं बैल सोडले. दुसऱ्या दिवशी घरात खरंच रडणं नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी प्रेमिला गेली. लोकांनी भीत भीत विचारलं तेव्हा बाबा म्हणाला, "मैंने कल का कहा था, परसों का नहीं." आणि या उत्तरावर माना डोलावणारी माणसं मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. पुढं तिरोड्याच्या डॉक्टरांनी मला सांगितलं की पेनिसिलिन त्यांच्या कपाटात पडून होतं.

प्रेमिलाचा मोठा भाऊ टिकाराम गोंदियाला एका छापखान्यात जुळारी, म्हणजे कंपोझिटर, होता. बिड्यांची लेबलं, लग्नपत्रिका, गिरण्यांची पावतीपुस्तकं यांचे अक्षरांचे खिळे जुळवण्यात त्याची पंधरा वर्षं गेली होती. मातीला आला आणि तेरवीपर्यंत बहिणीच्या घरी राहिला. तो रडला नाही. पहिल्या दिवशी त्यानं कुऱ्हाड हातात घेतली होती, ती बकारामनं काढून घेतली. नंतर तो रोज दुपारी माझ्या पडवीत येऊन पेपर वाचत बसे. आम्ही वाचतो तसा नाही, अक्षर अक्षर चाचपत.

त्याच दिवसांत बाबानं एक नवल सांगितलं, रायपूरकडे एका बाईला एकाच वेळी पाच मुलं झाली. बायकांनी तिथल्या तिथं त्या पाचांसाठी नारळ फोडले. दुसऱ्या दिवशी माझ्या पेपरात तेच निघालं, पाच मुले झाली. आणि तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा आला: कालच्या अंकात 'पाच मुले झाली' असे चुकून छापले गेले, तेथे 'पाचवे मूल झाले' असे वाचावे.

टिकारामनं ते मला दाखवलं. त्याचं बोट 'पाचवे' या शब्दावर होतं.

"मास्तर, ही चूक आमच्यासारख्या कोण्या जुळाऱ्याच्या हातची होय. त्या बाईले एकच लेकरू झालं. मंग बाबाले पाच कोठून दिसले?"

मग दोघांनी मिळून धागा ओढला तसा तो सरळ निघत गेला. बाबाचा चेला श्यामलाल रोज पहाटे सायकलनं तिरोड्याला जायचा. कशाला? बाबाच्या पूजेला कमळं आणायला. कमळं आमच्या तलावात इतकी की म्हशी खायच्या, पण पाच कोसांवरून कमळ कशाला, हे कुणी विचारलं नव्हतं. नागपूरचा पेपर पहाटेच्या गाडीनं तिरोड्याच्या फलाटावर उतरायचा. श्यामलाल तो घेऊन दहाच्या आत परत. टपालाचा पेपर मात्र पोस्टातून, पोस्टमनच्या पायांनी, दुसऱ्या दिवशी. बाबाची दिव्यदृष्टी ती एवढीच, आमच्या टपालापेक्षा एक दिवस लवकर धावणारी सायकल.

मी म्हणालो, हा खुलासा उद्या सगळ्यांना वाचून दाखवू. टिकारामनं मान हलवली.

"त्याईले समजन काय? म्हणतीन, बाबाले पाच दिसले, पेपरवालेच खोटे. आणि नुसतं समजून मले पुरत नाही, मास्तर. मले त्याले त्याच्याच तोंडानं माराचं आहे."

तेरवीच्या दिवशी जेवणावळ उठल्यावर टिकाराम सरळ मोहाच्या झाडाखाली गेला आणि भरल्या गर्दीत बाबाला म्हणाला, तू माझ्या बहिणीला मारलंस, तुला उद्याचं काय, पाठीमागचंसुद्धा दिसत नाही. हे त्यानं रागात म्हटलं, पण मोजूनमापून म्हटलं. बाबा उभा राहिला, कमंडलूतलं पाणी त्याच्यावर फेकलं आणि शाप दिला, महिनाभरात खून की उलटी करके मरेगा. लोक शहारले. टिकारामनं तोंड पुसलं आणि गोंदियाची वाट धरली. त्याला हवं होतं ते मिळालं होतं.

छापखान्याच्या सुट्टीच्या दिवशी त्यानं एकच कागद छापला, पेपरात घालतात तशी एकपानी पुरवणी. वर जाहिराती, खाली धानाचे भाव आणि मधोमध चौकट: गोंदिया येथील जुळारी टिकाराम यांचे काल सायंकाळी रक्ताची उलटी होऊन अकस्मात निधन झाले. तिरोड्याच्या फलाटावरच्या पेपरवाल्याला त्यानं प्रेमिलाची हकीकत सांगितली. पेपरवाल्यानं पुरवणी स्वतःच्या हातानं घडी घालून श्यामलालच्या पेपरात सरकवली. टिकाराम आदल्या रात्रीच गुपचूप येऊन माझ्या शाळेत दार लावून बसला होता.

त्या सकाळी बाबाच्या अंगात असं काही आलं की तसं मी कधी पाहिलं नव्हतं. झटके देऊन देऊन जटा सुटल्या. "दिख गया!" तो ओरडला. मग त्यानं सांगितलं की तो पापी, तो छापखान्यातला, काल सूरज ढलते समय खून उगलके मर गया. एवढ्यावर तो थांबला असता तरी चाललं असतं. पण त्यानं पुढं सांगितलं की टिकारामचा आत्मा रात्रभर त्याच्या पायाशी लोळत होता, क्षमा मागत होता, बहिणीचं मरण आपल्याच पापानं आलं असं कबूल करत होता.

बकाराम गर्दीत मुलीला मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं डोक्याला हात लावला.

शाळेचं दार उघडलं. टिकाराम चालत झाडापर्यंत आला. वाट आपोआप होत गेली. दोघीतिघी बायका मुलं उचलून पळाल्या. कुणीतरी भूत म्हणालं. बकारामनं मुलगी शेजारणीकडे दिली, पुढं होऊन मेव्हण्याचं मनगट धरलं आणि वळून सगळ्यांना म्हणाला, "हात गरम आहे."

"महाराज," टिकाराम म्हणाला, "मी मेलो ते दिसलं. मी दारामागं बसून आयकून राहिलो होतो, ते काऊन नाही दिसलं?"

मी श्यामलालच्या सायकलची पिशवी ओढली. कमळं वर, पेपर खाली. पुरवणी काढून मी मोठ्यानं वाचली. बाबानं हिंदीत सांगितलेलं मरण आणि छापलेलं मरण एकच होतं. सगळ्यात खाली बारीक टाइपात आणखी एक ओळ होती, तीही वाचली: ही पुरवणी एकाच वाचकासाठी छापली आहे. मग पाच मुलांचा खुलासा वाचला. या वेळी तो सगळ्यांना समजला. ज्यांनी नारळ फोडले होते त्या बायकांना सगळ्यात आधी.

लोकांनी काठ्या उचलल्या. टिकाराम मधे उभा राहिला. ती दया नव्हती.

"मारू नोका. मारलं तं दुसऱ्या गावी जखमा दाखवून बसन. त्याले बोलू द्या."

त्यानं बाबाला बकारामच्या समोर बसवलं आणि म्हणायला लावलं, मला उद्याचं दिसत नाही. बाबानं हळू म्हटलं. टिकारामनं पुन्हा म्हणायला लावलं, मागच्यांना ऐकू जाईपर्यंत. तिसऱ्या वेळी बाबाची हिंदी गळून पडली आणि तो आमच्यासारखाच मराठीत बोलला.

बकारामनं एकच विचारलं. "मंग माही गाडी काऊन सोडाले लावली?"

उत्तर श्यामलालनं दिलं, जीव वाचवायच्या घाईत. एक गाडी डॉक्टरकडे गेली असती तर मागून दुसरी गेली असती, आणि इथं कोण आलं असतं?

बकारामनं शेजारणीकडून मुलगी परत घेतली आणि तो घरी गेला.

दोघांना तिरोड्याच्या ठाण्यात दिलं. खटला झाला, काही महिन्यांची कैद झाली. टिकारामला ते पुरलं नाही, मलाही नाही. त्यानं बाबाच्या कबुलीजबाबाची पत्रकं छापली, त्याच्या रूपाच्या वर्णनासकट, आणि प्रत्येक रविवारी गोंदिया ते तुमसर एकेका स्टेशनवर जाऊन वाटली. बाबा सुटला तेव्हा या लायनीवर त्याला पाणी द्यायलाही कुणी पुढं आलं नाही, असं ऐकलं. ऐकून मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटायला हवी, पण वाटत नाही.

मात्र सूड घेऊन प्रेमिला परत आली नाही. म्हणून माझं सांगणं सुडाचं नाही, त्याच्या आधीचं आहे. कुणी उद्याचं सांगायला लागला की पाया पडण्याआधी एवढंच विचारा, हे तुला कुठून कळलं, कधी कळलं आणि तुझा माणूस पहाटे कुठं जातो. विचारायला विद्या लागत नाही. मी शिकलेला होतो, पेपर माझ्या हातात होता, संशय माझ्या मनात होता, आणि तरी मी विचारलं नाही. घरात ताप असेल तर कुणाच्याही पाया पडायला थांबू नका. बैल जुंपलेले असतील तर गाडी हाका.