बाईसाहेबांची फेरतपासणी

माझ्या मावशीकडे एक जुनं पिस्तूल आहे. घरात सगळे त्याला बाईसाहेब म्हणतात, आणि एकदा पाहिलं की कळतं का म्हणतात ते. अंगावर प्लास्टिक औषधालासुद्धा नाही. सगळं पोलाद, आणि मुठीला अक्रोडाच्या लाकडाच्या दोन पट्ट्या. रंग काळा म्हणावा तर काळा नाही. खिडकीशी नेलं की काळ्याच्या आतून निळा उमलतो. कडा तेवढ्या रुपेरी झाल्यात, आधीच्या कुणाकुणाच्या चामडी म्यानात वर्षानुवर्षं घासून. त्या कडांना नवा रंग द्यायचा विषय काढला की मावशी भडकते. एकदा आईसमोरच म्हणाली, "केस रंगवायला ही काय तुझी आई आहे?" आई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

पण खरी मजा आत आहे. बाईसाहेब उघडल्या की आतल्या प्रत्येक सुट्या तुकड्यावर तोच एक आकडा बारीक अक्षरात कोरलेला दिसतो. कारखान्यात कुणीतरी कानस घेऊन हे तुकडे एकमेकांत बसवले, बसले तेव्हा त्यांना एकच नंबर दिला, आणि तेव्हापासून हे कुटुंब एकत्र नांदतंय. वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे ओढली की इतकी गुळगुळीत सरकते, की वाटतं लोण्याचं कपाट उघडलं. आमच्या वर्गातल्या मुली फोनच्या कव्हरवर तास तास बोलतात. मी बाईसाहेबांवर बोलते. त्या मला वेडी म्हणतात, मी त्यांना अडाणी म्हणते, मग आम्ही एकत्र डबा खातो.

मावशी दातांची डॉक्टर आहे. तिचं सगळं सफाईचं सामान तिकडचंच : टोकदार आकड्या, इवलासा आरसा, कपाळावरचा दिवा. मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची डबी, काढलं, स्लाइड मागे ओढली, की ती पिस्तुलाला म्हणणार, "आ करा." आत बघायचं, मग करंगळी घालून चाचपायचं, मग मला बघायला लावायचं. दोघींनी "रिकामं" म्हटल्याशिवाय पुढचा स्क्रूसुद्धा फिरत नाही. गोळ्या तर घरात नसतातच, त्या क्लबातल्या तिजोरीत. माझं वय परवान्याचं नाही, त्यामुळे मावशी समोर बसलेली असली तरच माझा हात बाईसाहेबांना लागतो. तो नियम मावशीने माझ्याकडून इतक्यांदा वदवून घेतलाय की झोपेतही बरोबर सांगेन.

यंदा मावशीच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं आणि हात प्लास्टरमध्ये गेला. म्हणजे कपाळावरचा दिवा तिचा, तोंड तिचं आणि हात माझे.

आणि नेमकी यंदाच बाईसाहेबांवर संक्रांत आली. नियम असा आहे की खेळासाठी ठेवलेलं जुनं हत्यार दरवर्षी मालकाने स्वतः क्लबात चालवून दाखवायचं. चालायलाच हवं. नेम कुठेही लागो, पण प्रत्येक काडतूस उडालं पाहिजे. चाप ओढूनही काडतूस उडत नसेल तर हत्यार बेभरवशाचं. एकदा नापास झालं तर फेरतपासणी, आणि तिथेही नापास झालं तर नळी वेल्ड करून बंद. मग ते काचेत ठेवा नाहीतर कागद दाबायला वापरा.

ऑपरेशननंतर महिन्याभराने झालेल्या पहिल्या तपासणीत बाईसाहेब नापास झाल्या होत्या; तेव्हाही मावशीने डाव्या हातानेच चालवून दाखवलं होतं.

क्लबाचे तपासनीस सतत डोळ्याला भिंग लावून असतात, म्हणून सगळे त्यांना भिंगवाले म्हणतात. त्यांनी न उडालेलं काडतूस मावशीपुढे धरलं. मागच्या टिकलीवर, जिथे पिन आपटली की बार उडतो तिथे, पिनेची खूण होती, पण कशी? नखाने उमटवल्यासारखी. "टिचकी मारलीये नुसती, डॉक्टर," ते म्हणाले. "ठोसा हवा होता."

हे पिस्तूल मावशीला तिच्या नेमबाजीच्या उस्तादबाईंनी दिलेलं. त्यांच्या घरच्यांनी विकून टाकू म्हटलं तेव्हा त्यांनी मावशीला बोलावून सांगितलं होतं, "हिला चालती ठेव." जपून ठेव म्हणाल्या नव्हत्या. चालती ठेव म्हणाल्या होत्या.

फेरतपासणीच्या आदल्या दिवशी शाळेतून सरळ मावशीकडे गेले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टॉवेल पसरलेला, त्यावर बाईसाहेब. काका, म्हणजे मावशीचे यजमान, दारात उभे. काका फोटोंच्या लाकडी चौकटी बनवतात. परवान्यावर त्यांचंही नाव आहे, पण नेमबाजीत त्यांना काडीचा रस नाही.

"मी काही मदत करू का?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही चहा करा," मावशी म्हणाली. "आणि कार्टे, तू दप्तर टेबलावरून उचल. ऑपरेशन थिएटर आहे हे."

आम्ही दोघींनी "रिकामं" म्हटलं आणि कामाला लागलो. मी स्लाइड काढली, नळी काढली, नळीत मागच्या बाजूने ब्रश घातला. मग कापडाचे तुकडे. पहिला काळा निघाला, मग राखाडी, मग स्वच्छ. नळी दिव्याकडे धरून बघितलं तर आत कोरलेले पीळ असे चमकत होते की जणू उजेडच गिरक्या घेत पलीकडे चाललाय. हे बघायला मी रोज तयार आहे.

"नळी बघत बसू नकोस, नळीला काही झालेलं नाही," मावशी म्हणाली. "घोड्याची स्प्रिंग बघ."

घोड्याची स्प्रिंग दणकट होती. मॅगझिनची स्प्रिंगही बदलून झाली होती. क्लबातली काडतुसंही नवी कोरी होती. मावशीने मला सगळं एकदा पुन्हा करायला लावलं, आणि मग तिसऱ्यांदा तेच करायला सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं.

"मावशी, पिनेची खोली उघडू या."

स्लाइडच्या आत एक अरुंद बोगदा असतो. त्यात ती पिन राहते, जी घोड्याचा मार खाते आणि पुढे काडतुसाला मारते. मावशी त्याला पिनेची खोली म्हणते आणि वर्षातून एकदाच उघडते.

"ती मी स्वतः साफ केलीये. ऑपरेशनच्या आधी."

"हो, पण…"

"मी साफ केलीये म्हटलं ना? रूट कॅनल केलेल्या दाताला पुन्हा कशाला उकरायचं?"

"पेशंट अजून ओरडतोय म्हणून."

चहा गाळता गाळता काकांचा हात थांबला. मावशीशी असं कुणी बोलत नाही. मागच्या वर्षीची मी असते तर "सॉरी" म्हणून मूग गिळून बसले असते. यंदा मी तिच्याकडे बघत राहिले.

"चष्मा लाव," मावशी शेवटी म्हणाली. "आणि अंगठा नीट ठेव. मागची पट्टी सरकली की पिन स्प्रिंगसकट उडते. डोळा जाईल, किंवा काकांचा चहा जाईल."

मी संरक्षक चष्मा लावला. टॉवेलात स्लाइड धरली, पिन स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने आत दाबली, मागची बारकी पट्टी खाली सरकवली आणि अंगठा घट्ट दाबून श्वास रोखला. पट्टी निघाली. मी हळूहळू अंगठा उचलला.

काहीच उडालं नाही.

"मावशी. काहीच नाही उडालं."

"काहीच?"

"पिन आतच बसून आहे. हलत पण नाही."

मावशी खुर्चीवरून इतक्या जोरात उठली की कपाळावरचा दिवा नाकावर आला. तिने दिलेल्या आकडीने मी पिनेच्या कडा मोकळ्या केल्या. मी स्लाइड उलटी करून टॉवेलावर आपटली, पुन्हा आपटली. तेव्हा कुठे पिन बाहेर आली, तीही सुस्त गोगलगायीसारखी, अंगावर पिवळट तपकिरी चिकटा घेऊन. मधासारखा दिसत होता, पण बोटाला लागला तर सुटेना.

"हे काय आहे?" मावशीने प्लास्टरचा हात टेबलावर टेकवला. "मी तर थेंबभर तेल सोडलं होतं. आणि ते असं घट्ट होतच नाही."

मी चिकट्याचा वास घेतला. ओळखीचा होता, पण नाव आठवेना. मग काका हळूच पुढे आले, त्यांनी पिन बोटांत धरली, नाकाशी नेली आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला रडूच येईल असं वाटलं.

"जवस," ते म्हणाले.

"काय?"

"जवसाचं तेल आहे हे. माझ्या चौकटींचं." काका खाली बसले. "तू दवाखान्यात जाताना म्हणालीस ना, हात बरा होईपर्यंत बाईसाहेबांना पुसत राहा. मुठीचं लाकूड कोरडं दिसलं, म्हणून मी लाकडाला जवस लावलं. मग वाटलं, लोखंडालाही कोरडं का ठेवायचं? म्हणून… सगळीकडे सोडलं. चांगलं भरपूर. दर आठवड्याला."

जवसाचं तेल लाकडावर सुकून कडक होतं, म्हणूनच तर चौकटीवाले ते लावतात. लाकडाला ते अंगरखा, आणि पिनेच्या खोलीत डिंक. पिन त्या डिंकातून कशीबशी पुढे सरकत होती आणि काडतुसाला टिचकी मारून थांबत होती. अति तेथे माती म्हणतात, इथे अति प्रेम तिथे गोंद झाला होता.

"अहो, दर आठवड्याला?" मावशी म्हणाली.

"तुझी लाडकी आहे म्हणून," काका म्हणाले.

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार ही. पण मावशीने काकांच्या हातातली पिन घेऊन दिव्याखाली धरली. मग म्हणाली, "सुकलेलं जवस चौकटीवरून कसं काढता?"

काका एकदम ताठ झाले. "टर्पेंटाइन! थांब, आणतो!" आणि चपला न घालताच वर्कशॉपकडे धावले.

पुढची संध्याकाळ माझ्या आयुष्यातली सगळ्यात भारी संध्याकाळ होती, आणि हे मी शाळेच्या सहलीला जाऊन आले असूनही म्हणतेय. काकांनी टर्पेंटाइनच्या वाटीत पिन आणि स्प्रिंग बुडवली, मी कापूस गुंडाळलेली काडी बोगद्यात फिरवत राहिले, मावशी आरसा धरून "डावीकडे, आणखी, मागच्या दाढेकडे" असं सांगत राहिली. काका लाकडात काम करणाऱ्या माणसासारखे वाट बघत होते, घाई न करता. "ओढू नकोस, त्याला सुटू दे," असं ते सांगायचे आणि तो डिंक खरंच सुटायचा. शेवटी सगळं कोरडं करून मी पिन परत घातली आणि मागून बोटाने ढकलली. टुण्णकन पुढे गेली, टुण्णकन मागे आली. आम्ही तिघं वेड्यासारखे एकेकदा ढकलून बघत होतो.

दुसऱ्या दिवशी क्लबात भिंगवाल्यांनी कागद काढला आणि मावशीच्या प्लास्टरकडे बघितलं. "डॉक्टर, प्लास्टर निघेपर्यंत पुढची तारीख घ्यायची का?"

"डावा हात आहे की मला," मावशी म्हणाली.

मी आणि काका काचेमागे, कानांवर आवाज रोखणारे मफ लावून. मावशीने बाईसाहेबांना डाव्या हातात उचललं. पहिला बार झाला. स्लाइड मागे गेली, पुढे आली, रिकामं काडतूस सोनेरी टोळासारखं उडालं. दुसरा बार. तिसरा. काका डोळे मिटून उभे होते आणि प्रत्येक आवाजाला त्यांच्या मानेला झटका बसत होता. मॅगझिन संपेपर्यंत एकही गोळी अडली नाही. निशाणाचा कागद ओढून आणला, तर मधोमध एकही भोक नाही. सगळी कडेकडेने, जणू उंदराने कुरतडलंय.

"नेमाचं काय झालं, डॉक्टर?" मागून कुणीतरी हसलं.

"नेम कुणी विचारलाय? आवाज मोजा," मावशी म्हणाली.

भिंगवाल्यांनी रिकामी काडतुसं गोळा करून एकेक भिंगाखाली धरली. प्रत्येकावर खोल, गोल, ठसठशीत खड्डा. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि शिक्का मारला. मग पेन कागदावर टेकवून विचारलं, "दोष काय निघाला? नोंदवावं लागेल."

काकांनी घसा खाकरला. "ते खरं म्हणजे मी…"

"पिनेची खोली माझ्याकडून बघायची राहिली होती," मावशी मोठ्याने म्हणाली. अख्ख्या क्लबाला ऐकू गेलं असेल. "हत्यार माझं, जबाबदारी माझी. लिहा तसं."

हीच ती बाई, जी रूट कॅनलच्या नावाने माझ्यावर डाफरली होती! मला इतकं भरून आलं की मी मफ काढायचंच विसरले.

"यापुढे आमच्याकडे द्या साफ करायला," भिंगवाले म्हणाले. "हात बरा होईपर्यंत तरी."

"नको," मावशी म्हणाली. "घरचे दोघं आहेत ना माझे."

काकांनी खिशातून स्वच्छ, कोरडं फडकं काढलं, बाईसाहेब रिकाम्या आहेत हे आधी बघितलं, मग मला दाखवलं. मी म्हटलं, "रिकामं." तेही म्हणाले, "रिकामं." आणि मग ते त्या रुपेरी कडा पुसू लागले, अगदी हलक्या हाताने, एक थेंबही तेल न लावता.