काठोकाठ

मुकादमाने पेला काठोकाठ भरून लोखंडी तुळईवर ठेवला आणि मागे सरून हात वर केला. क्रेनच्या केबिनला काळी काच बसवली होती. आत बाई आहे की पुरुष, हे परीक्षकाला कळता कामा नये, असा आता कायदाच होता.

"हात ओळखतो मी," तो फिटरला म्हणाला. "काच कसली लावताय?"

रीत जुनीच होती. तुळई उचलून पलीकडच्या खडूच्या चौकटीत ठेवायची. मग मुकादम पेल्यातलं पाणी प्यायला, तर नोकरी पक्की. जमिनीवर ओतलं, तर आला तसा परत. जागा एकच आणि उमेदवार दोन. एक त्याचा भाचा. दुसरी, खाली उभी राहून क्रेनला इशारे करणारी इशारेवाली. केबिन काय स्वयंपाकघर आहे, असं म्हणून त्याने तिला दरवर्षी वाटेला लावलं होतं.

पहिल्या फेरीत तुळई उचलतानाच पेला कलंडला होता. "बाईचा हात!" म्हणून मुकादम पोट धरून हसला होता.

आता दुसऱ्या फेरीत दोर नुसता ताणला गेला. तुळई जमिनीवरून कधी सुटली, कळलंच नाही. मध्येच वाऱ्याने तिला झोका दिला, तशी क्रेन झोक्यामागोमाग हळूच सरकली आणि झोका जिरला. निजलेलं मूल खाली ठेवावं तशी तुळई चौकटीत टेकली. पाणी हललंसुद्धा नाही. मुकादमाच्या अंगावर काटा आला. सगळा जन्म क्रेनवर आणि क्रेनखाली गेला, पण असं काही त्याने पाहिलं नव्हतं.

"मामाचं नाव काढलं पोराने!" त्याने फिटरच्या पाठीवर थाप मारली.

"मामा," भाचा मागेच उभा होता, मान खाली घालून. "पहिला मी होतो."

शिडीवरून इशारेवाली उतरली. तिने मुकादमाकडे पाहिलंच नाही. तिची नजर पेल्यावर होती.

मुकादमाने पेला उचलला.

"कुठे शिकलीस?"

"इथेच. तुम्ही क्रेन चालवायचात तेव्हा इशारे मीच द्यायचे ना? हात तुमचाच बघत होते."

त्याने भाच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. एवढं आवार ओलांडून न सांडलेलं पाणी त्याच्या मनगटावर सांडलं. उरलेलं तो एका दमात प्यायला.