चारशे अकरा, चारशे बारा आणि मधली वाळू

मेकफूलाच्या घराला नंबर मिळाला. चारशे बारा. लाल रंगात, दाराच्या उजव्या हाताला, दोनाच्या शेपटीला ओघळ आलेला.

आता हे विसरून जा. त्या गुरुवारी स्वीडन वस्तीत काहीही घडलेलं नाही. कुणी काही खोदलं नाही, कुणी चहा मुद्दाम लांबवला नाही. मोजणीचा माणूस आला, त्याने सगळं जागच्या जागी पाहिलं, रंग मारला आणि गेला. वस्तीत कुणालाही विचारा, हेच सांगतील आणि याच शब्दांत सांगतील, कारण पाठ करून ठेवलंय. म्हणून आपण बुधवारपासून सुरुवात करू. बुधवारबद्दल बोलायला कुणाची हरकत नाही.

वाळवंट आणि समुद्र यांच्या मधलं नुआकशोत शहर पूर्वेला जिथे संपतं, आणि संपल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही, तिथे ही वस्ती आहे. स्वीडन हे नाव पहिल्या हिवाळ्यात पडलं. एका सकाळी देद्दाहला अशी हुडहुडी भरली की तो म्हणाला, हा मुलूख आपला नाही, हे स्वीडन आहे. नंतर कळलं की त्याला मलेरिया झाला होता. पण तोवर नाव पक्कं झालं होतं आणि पाण्याच्या गाढवगाडीवाल्यांनाही तेच पाठ झालं होतं.

मेकफूलाचं घर वस्तीतलं शेवटचं. त्याच्या पलीकडे पत्ता म्हणून काही नाही, नुसती वाळू. सिमेंटच्या विटांची एक खोली, पत्र्याचं निळं दार. नवऱ्याने स्वतःच्या हातांनी बांधलेली. नवरा गेला, खोली राहिली. वाळू मात्र रोज येते, न चुकता. त्या घरात इतकं नियमित कधी कुणीच नव्हतं, नवरासुद्धा नाही. सकाळची नमाज झाली की मेकफूला फावडं घ्यायची आणि अंगणात आलेली वाळू पश्चिमेच्या भिंतीवरून शेजारी देद्दाहच्या अंगणात टाकायची. दुपारी देद्दाह तीच वाळू त्याच भिंतीवरून परत पाठवायचा. आठ वर्षं हा व्यवहार चालू होता. दोघांनाही आता ती वाळू चेहऱ्याने ओळखू यायची.

"मेकफूला, तुझी वाळू आलीय बघ माझ्याकडे."

"माझी कशावरून? नाव लिहिलंय?"

"नाव नाही, चप्पल आहे तुझी त्यात."

"मग चप्पल दे आणि वाळू ठेव. पाहुणचार समज."

"तुझा पाहुणचार माझ्या गुडघ्यापर्यंत आलाय, बाई."

देद्दाह बंदरावर तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेला विधुर. माशांच्या पेट्या मोजून मोजून त्याला कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय चैन पडत नसे. मेकफूलाने दिवसाला किती फावडी वाळू टाकली आणि आपण किती परत केली, हे तो तोंडावर सांगायचा. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तो नेहमीच चाळीस फावड्यांनी मागे असायचा.

तर बुधवारी बातमी आली की उद्या मोजणी. मोजणीचा नियम साधा होता. भिंत दिसली पाहिजे, भिंतीवर नंबर पडला पाहिजे. ज्याच्या भिंतीवर नंबर, त्याची जागा कायम. ज्याच्या भिंतीवर नाही, त्याला ट्रकमध्ये बसवून तीस किलोमीटरवरच्या नव्या वसाहतीत सोडणार. तिथे प्लॉट मोठा मिळतो, असं सगळे म्हणायचे.

मेकफूलाने तो प्लॉट जाऊन पाहिला होता. खरंच मोठा होता. इतका की शेजारी दिसत नव्हता. ती मधोमध उभी राहिली, पदर डोक्यावर नीट घेतला आणि आजमावून बघावं म्हणून ओरडली, "ए, तुझी वाळू आवर आधी!" वाट पाहिली. कुणीच उलट बोललं नाही. परत येताना गाडीत ती कुणाशी बोलली नाही, आणि मेकफूला बोलत नाही म्हटल्यावर ड्रायव्हरने घाबरून गाडी दोनदा थांबवून विचारलं, "आई, जिवंत आहेस ना?"

बुधवारी संध्याकाळी वारा सुटला आणि सुटला तो थांबलाच नाही. गुरुवारी उजाडल्यावर मेकफूलाने दार ढकललं, तर दार म्हणालं, "नाही." वाळू चौकटीच्या वर गेली होती. शेवटी पश्चिमेच्या, छपराला लागून असलेल्या खिडकीतून देद्दाहने तिला हाताला धरून बाहेर ओढलं.

"वजन कमी कर," तो धापा टाकत म्हणाला.

"खिडकी मोठी कर," ती म्हणाली.

मग तिने मागे वळून पाहिलं. घर नव्हतं. घराच्या जागी एक गोल, गुळगुळीत, समाधानी टेकडी होती आणि तिच्या माथ्यावर छपराचा एक कोपरा, एवढंच.

सरकारी माणूस दुपारशिवाय येत नाही हा स्वीडनचा अनुभव होता. त्याच भरवशावर सगळे फावडी शोधायला गेले. आणि मोजणीवाला सकाळी नऊ वाजता आला. असा प्रकार आधी कधी घडला नव्हता, त्यामुळे त्यावर काय करायचं हे कुणाला माहीत नव्हतं. यस्लेम नाव त्याचं. तरुण पोरगा, एका हातात वही, दुसऱ्या हातात लाल रंगाचा डबा, कानामागे ब्रश. त्याने देद्दाहच्या भिंतीवर छातीच्या उंचीला चारशे अकरा लिहिला, फुंकर मारली, शेजारच्या टेकडीवर चढला आणि म्हणाला, "पुढचं घर?"

"हे काय," मेकफूला म्हणाली.

"कुठे?"

"तू उभा आहेस ते छप्पर."

यस्लेमने पायाखाली पाहिलं. सभ्य मुलगा होता, चपला काढून हातात घेतल्या.

"आई, मला भिंत लागते. छपराला नंबर देता येत नाही. वहीत तसा रकानाच नाही."

"भिंत आहे ना. खाली आहे."

"खाली असलेलं मी लिहायला लागलो तर मला वाळूखालचं सगळं शहर लिहावं लागेल." त्याने वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. "मी 'रिकामी जागा' लिहितो. वाईट वाटून घेऊ नकोस."

 तेवढ्यात समोरच्या तंबूतून साल्काचा आवाज आला, "अहो साहेब, चहा घेणार ना?"

यस्लेमने पेनाचं टोपण परत लावलं. बोलावणं झाल्यावर नाही म्हणायची सोय या मुलखात नाही. आणि चहा म्हणजे तीन पेले. तिसरा न घेता उठणं म्हणजे यजमानाच्या अंगणात थुंकण्यासारखं.

त्यातून साल्काचा चहा. साल्का वस्तीतली सगळ्यात सावकाश चहा करणारी बाई. इतर दिवशी लोक तिच्या तंबूवरून वाकून, लपत जायचे. तिच्या चहाची वाट पाहता पाहता दोघांचं लग्न ठरलं होतं आणि एकाचं मोडलं होतं. त्या दिवशी मात्र अख्खी वस्ती तिच्याकडे जनरलकडे बघावं तशी बघत होती.

यस्लेमला तंबूत बसवलं, पाठ गल्लीकडे करून. मेकफूला यजमानीण म्हणून समोर बसली. तंबूचा पडदा खाली सोडलेला, त्यामुळे तिचं घर तिलाही दिसत नव्हतं.

"बरा आहेस ना?" तिने सुरुवात केली.

"बरा आहे. तू बरी आहेस ना?"

"बरी. घरचे बरे?"

"बरे."

"आई बरी? वडील बरे? आईचे भाऊ?"

"सगळे बरे."

"उन्हाळा कसा गेला? शेरडं बरी?"

"आमच्याकडे शेरडं नाहीत, आई."

"नसली तरी बरी आहेत ना?"

"बरी आहेत," यस्लेम म्हणाला, कारण दुसरं काय म्हणणार.

साल्काने कोळसा निवडायला घेतला. एकेक. बाहेर पहिलं फावडं वाळूत शिरलं.

"हा आवाज कसला?"

"देद्दाहचं पोट," साल्का वर न बघता म्हणाली. "त्याला भूक लागली की असंच होतं."

मग आणखी दहाबारा पोटं वाजायला लागली. यस्लेमने मान वळवली नाही. त्याने पुदिन्याची जुडी उचलली, वास घेतला आणि परत ठेवली.

मेकफूला डोळे मिटून ऐकत होती. आठ वर्षं वाळू उपसणाऱ्या बाईला दिसायची गरज नसते. भुसभुशीत आवाज म्हणजे अजून वरचीच. जड आवाज म्हणजे खालची, ओल धरलेली. पहिला पेला आला, साल्काने फेस यावा म्हणून या पेल्यातून त्या पेल्यात इतक्या वेळा ओतला की चहा कंटाळला असावा. दुसरा पेला उकळायला ठेवला. आणि मग मेकफूलाला दुसरा एक आवाज ओळखू आला. उपसलेली वाळू पडत होती त्या जागेचा.

गल्लीत टाकायला जागा नव्हती, तिथे मोजणीची गाडी उभी होती. पूर्वेला वाळूचाच डोंगर. वाळू पश्चिमेला पडत होती, भिंतीपलीकडे. आठ वर्षं रोज सकाळी तिने तो आवाज काढला होता. आज पहिल्यांदाच ती तो बसून ऐकत होती. आणि भिंतीपलीकडून एकही शिवी येत नव्हती. उलट देद्दाहच ओरडत होता, "अरे, इकडे! माझ्या इकडे टाका! लाजता कशाला? माझ्या आईच्या लग्नाला आलात काय!"

मेकफूलाने पेला खाली ठेवला. पदराने डोळे टिपले.

"कडू झालाय का?" साल्काने विचारलं.

"डोळ्यात वाळू गेली," मेकफूला म्हणाली. तंबूत वारा नव्हता.

तिसरा पेला आला तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. बाहेर फावडं खणकन कशावर तरी आपटलं. सिमेंट. यस्लेमने तिसरा पेला हातात घेतला, तळाशी एक घोट ठेवला आणि थांबला.

"गार झाला असेल," साल्का म्हणाली.

"नाही, अजून गरम आहे," यस्लेम म्हणाला आणि रिकामाच म्हणावा असा तो पेला आणखी पाव तास फुंकत बसला.

बाहेर आले तेव्हा निळं दार उन्हात उभं होतं, समोर पायांचे ठसेच ठसे, भोवती कमरेपर्यंत वाळू चिकटलेले घामाघूम लोक, सगळे असे उभे की जणू सहज इथून चालले होते. यस्लेमने काहीही विचारलं नाही. ब्रश बुडवला, चारशे बारा लिहिला. दोनाला ओघळ आला, कारण ब्रश जरा जास्तच बुडवला होता.  मेकफूलाने त्या ओघळाला बोट लावलं आणि बोट पदराला पुसलं नाही.

मग यस्लेमने वहीत पाहिलं, शेजारी पाहिलं.

"चारशे अकरा कुठे गेला?"

शेजारी एक नवी टेकडी होती. तिच्यावर देद्दाह फावड्याला टेकून बसला होता.

"खाली आहे," तो म्हणाला. "सकाळी तूच लिहिलास. मी काही खाल्ला नाही."

"मी लिहिला, मान्य. पण पडताळणीला मोठे साहेब येणार. त्यांना दोन्ही नंबर दिसायला हवेत."

"वेगवेगळ्या दिवशी दिसले तर?"

"एकाच वेळी, काका."

"आणि साहेब कधी येणार?"

"लवकरच," यस्लेम म्हणाला. गाडीत बसला. लवकरच म्हणजे उद्या सकाळी किंवा नातवंडांच्या लग्नात, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

गाडी गेल्यावर मेकफूला फावडं घेऊन टेकडीवर चढली आणि उपसायला लागली. पहिलं फावडं तिने उचललं, भिंतीवर नेलं, आणि तिथेच थांबली. भिंतीपलीकडे चारशे बारा होता.

"टाक ना," देद्दाह म्हणाला.

"माझ्या नंबरावर?"

"मग माझ्यावर टाक."

"तू आज फार शहाणपणा केलास, देद्दाह. तुझा नंबर गेला तर तुला नेतील ट्रकमधून."

"तुला नेलं असतं तर मी वाळू कुणाकडे परत पाठवली असती? त्या टेकडीकडे?" तो नाक पुसत म्हणाला. "तिला उलट बोलता येत नाही."

मेकफूलाने फावडं खाली ठेवलं. दोघांनी हिशोब केला. वाळू निम्मी निम्मी वाटली तर दोन्ही नंबर आज दिसतील, पण वारा पूर्वेचा. तो रोज नवी आणणार आणि जुनी परत न्यायला कुणी नाही. माणसं पुरायची नाहीत. म्हणजे गडबड माणसांची नव्हतीच, वाऱ्याची होती. देद्दाहने खिशातून बॉलपेन काढलं आणि मांडीवर कागद घेतला.

"माझं नाव आधी लिही," मेकफूला म्हणाली.

"लिहिलंय."

"आणि सभ्य भाषेत लिही. वाऱ्याला शिव्या नकोत."

त्याने लिहिलं:

मे. हाकिमसाहेबांच्या सेवेशी सविनय सादर. अर्जदार क्र. १ मेकफूला मिंत अहमेदू, घर क्र. ४१२, व अर्जदार क्र. २ देद्दाह उल्द सलेम, घर क्र. ४११ (सध्या खाली), दोघेही राहणार स्वीडन, असा अर्ज करतो की, उपरोक्त दोन्ही घरांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत वाऱ्यास शनिवार, सोमवार व बुधवार या दिवशी पूर्वेकडून, आणि रविवार, मंगळवार व गुरुवार या दिवशी समुद्राकडून वाहण्याबाबत लेखी आदेश व्हावेत. शुक्रवारी वाऱ्यास सुट्टी असावी. सदर आदेशाची एक प्रत वाऱ्यास देऊन त्याची पोच घ्यावी, ही नम्र विनंती.